वळणात पिवळा दिवा लुकलुकतो तेव्हा: स्पोर्ट्स कार आणि ट्रॅक्शन कंट्रोल

जूनमधली पहिली सर नुकतीच पडून गेली होती. ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरला उतरताना रॅम्पच्या वळणावर मी जेमतेम पंचेचाळीसच्या वेगात होतो. पुलाच्या दोन तुकड्यांमधली लोखंडी पट्टी आली, नेमकी तेव्हाच मी जरा लवकर रेस दिली, आणि गाडीचा मागचा भाग वीतभर बाहेर सरकला. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र दोन-तीनदा लुकलुकलं, इंजिनाचा आवाज दबला. पुन्हा पाय दाबला तर गाडीने क्षणभर ऐकलंच नाही. शेजारी मामेभाऊ बसला होता.

"दादा, गाडीत काही बिघाड आहे का रे? दिवा लागला होता."

"गाडी ठीक आहे. माझा पाय आगाऊ आहे."

गेली काही वर्षं मी एक जुनी, मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची गाडी बाळगून आहे. सुट्टी आणि पैसे एकत्र जुळले की ती ट्रकवर चढवून ट्रॅकवर नेतो. बायकोच्या मते एवढ्या पैशात आतापर्यंत कर्जतला जागा झाली असती. असो. या सगळ्या खर्चातून जे शिकलो त्यातलं अर्ध्याहून जास्त त्या पिवळ्या दिव्याने शिकवलं. तो दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे रेस दिल्यावर चाक फुकट फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा. ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही. पाय कुठे चुकला ते दाखवतं आणि त्या चुकीचं बिल थोडं कमी करतं. दिवा कधी, कुठे आणि किती वेळ लागला हे वाचता यायला हवं, मग तो उत्तम शिकवणीचा मास्तर आहे.

हा विषय फक्त पोर्शेवाल्यांचा राहिलेला नाही. महिंद्राची बीई ६ मागच्या चाकांवर चालते आणि मोठ्या बॅटरीच्या मॉडेलात २१० किलोवॉट, म्हणजे २८० हून जास्त अश्वशक्ती देते. कालपर्यंत एवढी ताकद मागच्या चाकांना मिळायची ती स्पोर्ट्स कारमध्येच. आज ती मुलुंड-ठाण्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लागलेली असते.

आधी बटण आणि दिवा ओळखा

गाडीत तीन वेगळी कामं एकाच घरात नांदतात. ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणं हे एबीएसचं काम. रेस दिल्यावर चाक फुकट फिरू न देणं हे ट्रॅक्शन कंट्रोलचं. आणि गाडी तुम्ही वळवताय तिकडेच जातेय की नाही हे बघणं हे स्थिरता नियंत्रणाचं. त्याला कुणी ईएसपी म्हणतं, कुणी ईएससी, बीएमडब्ल्यू डीएससी म्हणते, पोर्शे पीएसएम. बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं, १९८६ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल आणि १९९५ मध्ये ईएसपी. क्रम असाच असणार होता, कारण प्रत्येक पुढची गोष्ट मागचीच साधनं वापरते.

चारही चाकांजवळ वेग मोजणारे सेन्सर असतात. इंजिनाने फिरणारं चाक बाकीच्यांपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जोरात फिरायला लागलं की संगणक इंजिनाचा जोर कमी करतो, गरज पडली तर त्याच एका चाकाला ब्रेक लावतो. स्थिरता नियंत्रण याशिवाय आणखी तीन गोष्टी मोजतं: स्टिअरिंग किती फिरवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय, आणि ती बाजूला किती जोराने ढकलली जातेय. मागचा भाग बाहेर निघाला तर ते बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं. पुढचा भाग वळायलाच तयार नसेल तर आतल्या मागच्या चाकाला.

यातली स्टिअरिंगची गोष्ट मनात पक्की ठेवा. तुम्हाला कुठे जायचंय हे संगणकाला फक्त तुमच्या स्टिअरिंगवरून कळतं. घाबरून भलतीकडे फिरवलंत तर तो तुम्हाला इमाने-इतबारे भलतीकडेच नेईल.

दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय. दिवा सतत पेटून राहिला आणि तुम्ही बटण दाबलेलं नसेल, तर बिघाड आहे. त्या दिवशी ट्रॅकवर जाऊ नका.

बटणाची गंमत अशी की बहुतेक गाड्यांत एकाच बटणाची दोन कामं असतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत हलकंसं दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, गाडी उभी असताना तीन सेकंद दाबून धरलं की स्थिरता नियंत्रणही जातं. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये एकदा दाबलं तर सैल मोड, दाबून धरलं तर सगळंच बंद. मला भेटलेल्या निम्म्या मालकांना आपल्या गाडीत यातलं काय होतं ते ठाऊक नव्हतं. एकाने तर 'स्पोर्ट' मोड लावला म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल सैल झालं असं धरून दोन वर्षं काढली होती. त्याच्या गाडीत त्या मोडने फक्त रेस तिखट होत होती आणि सायलेन्सर गुरगुरत होता. मॅन्युअलमधली ती चार पानं एखाद्या संध्याकाळी चहा घेत वाचा.

पकडीचा हिशेब

रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढा असतो. ब्रेक, वळणं आणि पळणं, तिन्हींचा खर्च त्याच खात्यातून. पण हा हिशेब सरळ वजाबाकीचा नाही. एकूण पकड १०० धरा. त्यातली ८० वळण्यात खर्च होत असेल तर पळायला २० नाही, सुमारे ६० उरते, कारण दोन्ही जोर एकमेकांना काटकोनात असतात आणि शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय इथे लागू पडतं. ऐकायला छान वाटतं. आता उलटी बाजू बघा: वळण्यात ९५ खर्च झाले तर उरतात ३१. ९९ झाले तर १४. म्हणजे शेवटच्या चार टक्क्यांच्या हौसेत रेस द्यायची अर्ध्याहून जास्त मुभा जाते. वळणाच्या पोटात, गाडी पूर्ण ताणलेली असताना दिलेली थोडीशी रेससुद्धा दिवा का पेटवते, ते यात आहे.

वेगाचंही असंच. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ४० किलोमीटरला गाडीवर बाजूने येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पावपट असतो. ६० ला तो ०.५७ पट होतो. ८० ला एक पट. ४० चे ८० झाले, वेग दुप्पट आणि जोर चौपट. कोरड्या चांगल्या डांबरावर रस्त्यावरचा साधा टायर ०.८ ते १ च्या आसपास हात टेकतो. ओल्या रस्त्यावर त्याच्या बरंच आधी.

म्हणून वळणात शिरतानाच वेग जास्त असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल काही करू शकत नाही. ते रेस कापतं, आणि इथे तुम्ही रेस दिलेलीच नाही. अशा वेळी जे काही वाचवेल ते स्थिरता नियंत्रण, आणि त्याच्याही हातात तेच चार तळहात आहेत.

टायर: इथे घाई नको

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला इथेच भुर्दंड पडला होता.

एका वर्षी माझ्या गाडीत दिवा उगाचच लुकलुकायला लागला. सरळ रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, साधी रेस दिली तरी. एका गॅरेजने चाकाचा सेन्सर गेलाय म्हणून बदलला. बिल चुकतं केलं, दिवा तसाच. मग एका रविवारी सकाळी मी फरशीवर उकिडवा बसून चारही टायरच्या बाजूचे आकडे वाचले. पुढे २२५/४५ आर१७. मागे २२५/४० आर१७. आदल्या महिन्यात टायरच्या दुकानात मागची जोडी बदलली होती, तिथे एका आकड्याचा घोळ झालेला. ४५ च्या जागी ४० म्हणजे चाकाचा व्यास साडेबावीस मिलिमीटरने, जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी कमी. लहान चाक तेवढंच जास्त फिरणार. संगणकाच्या दृष्टीने मागची चाकं कायमच थोडी फुकट फिरत होती. बिचारा आपलं काम चोख करत होता आणि मी त्याचा सेन्सर बदलत होतो.

म्हणून आधी चारही टायरचे आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरशी ताडून बघा. अनेक स्पोर्ट्स गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा मुद्दाम रुंद असतात, तेव्हा 'चारही सारखे' हा नियम नाही, 'कंपनीने सांगितलेले' हा नियम आहे. एका धुरीवर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवू नका.

मग तारीख. टायरवर DOT या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडी संख्या असते: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. मुंबईतल्या हौसेच्या गाड्यांना हा रोग हमखास असतो. गाडी वर्षभरात दोन हजार किलोमीटर चालते, नक्षी नव्यासारखी खोल, आणि रबर सहा-सात वर्षांचं, दगड झालेलं. नखाने दाबून बघा. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्यात मी ३ च्या खाली गेलेला टायर काढून टाकतो, हा माझा स्वतःचा नियम.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. पंपापर्यंत पाच किलोमीटर चालवून नेली की आकडा चढलेला असतो. स्वतःचा गेज घ्या. पंपावरच्या दोन यंत्रांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

कुठे करायचं, कुठे नाही

रविवारी पहाटे सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर रांगेने निघणाऱ्या गाड्या मलाही बघायला आवडतात. पण या लेखातलं 'जोरात वळण' मुंबईतल्या कुठल्याही रस्त्यावर बसत नाही. कोस्टल रोडवर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि चढ-उताराच्या वळणांवर ४० ची मर्यादा आहे. अटल सेतूवर १००, त्याच्या रॅम्पवर ४०. वर केलेला हिशेब आठवा, ५० मीटरच्या वळणाला ४० म्हणजे पाव पट. हा आकडा धो-धो पावसात, सामानाने भरलेल्या टेम्पोलाही झेपावा असा ठेवलेला असतो. वळणापलीकडे बंद पडलेली टॅक्सी उभी असेल तर तुमचं ट्रॅक्शन कंट्रोल तिला हलवणार नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ त्याहून कडक. शिवाय विम्याच्या कागदावर शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर ठोकलीत तरी खिसा तुमचाच.

खरे ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत: कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास सर्किट, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. जवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पण तिथे सगळा मामला सरळ रेषेतला. लांबच्या प्रवासाआधी दोन-चार रविवार कार्टिंगला घाला. कार्टला ना ट्रॅक्शन कंट्रोल, ना एबीएस, मागची चाकं सरकली की थेट बुडाला कळतं. कमी खर्चात यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

वळण, एकेक टप्पा

पहिल्या फेऱ्यांना सगळं चालू ठेवा. बटणाला हात लावू नका. टायर थंड असतात, चिकट रबराचे ट्रॅक-टायर तर थंडीत साबणासारखे वागतात. दोन-तीन फेऱ्या निवांत मारा, दिवा इथेच लुकलुकू लागला तर अजून गरम व्हायला वेळ द्या.

ब्रेक स्टिअरिंग सरळ असताना, पूर्ण जोराने, आणि अंमळ लवकर. नवशिका नेहमी उशिरा ब्रेक मारण्यात मर्दुमकी शोधतो. मग वळणात शिरताना वेग जास्त, हात घाबरे, आणि पुढचं सगळं बिघडतं. गिअरही इथेच, वळणाआधी टाका. एक युक्ती सांगतो: दुसरा की तिसरा असा प्रश्न पडला तर सुरुवातीला तिसरा घ्या. वरच्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा जोर कमी असतो, पायाची चूक लहान राहते.

ब्रेकवरचा पाय झटकन उचलू नका. वळायला सुरुवात करता करता तो हळूहळू सोडा, म्हणजे पुढच्या टायरवरचं वजन एकदम उडत नाही आणि गाडीचं नाक आज्ञाधारकपणे आत येतं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, स्टिअरिंग एकाच ओघात. इथे, रेस न देता, दिवा लुकलुकला तर तो स्थिरता नियंत्रणाचा आहे, आणि अर्थ एकच: वेग जास्त होता. पुढच्या फेरीला पाच किलोमीटर कमी.

मग येतो थांबण्याचा टप्पा, सगळ्यात अवघड. ब्रेक सुटलाय, रेस अजून द्यायची नाही, गाडी वळतेय आणि तुम्ही फक्त वाट बघताय. रेस असलीच तर वेग टिकवण्यापुरती, चिमूटभर. सेकंदभराचा हा काळ युगासारखा वाटतो आणि पाय शिवशिवतो. नजर मात्र वळणाच्या आतल्या टोकावरून पुढे, बाहेर पडण्याच्या जागेवर न्या. जिथे बघाल तिथे हात जातात.

आतलं टोक गाठलं की स्टिअरिंग सरळ व्हायला लागतं, आणि आता रेस. आमच्या गिरगावातल्या गच्चीवर संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना हे लगेच समजेल. पेच लागला की मांजा खेचूनही धरायचा आणि ढीलही द्यायची असं एकदम होत नाही. स्टिअरिंग जेवढं ढिलं सोडाल तेवढीच रेस द्या. हात अजून पीळ धरून आहेत आणि पाय खाली चाललाय, म्हणजे एकाच खात्यातून दोघे पैसे काढतायत. दिवा लुकलुकणार. हात थांबले तर पायही थांबवा. हात उलगडतायत तर पाय त्यांच्याबरोबर.

टर्बो इंजिन असेल तर इथे एक सापळा आहे. पाय दाबला, काहीच झालं नाही, म्हणून आणखी दाबला, आणि अर्ध्या सेकंदाने सगळी ताकद एकदम आली. टर्बोला थोडं आधी, पण फार हलकं जागं करा, आणि जोर येईपर्यंत तिथेच थांबा. विजेच्या गाडीत उलटं: जोर तत्क्षणी येतो. तिथला धोका पाय उचलण्यात जास्त. वीज परत बॅटरीत भरणारा ब्रेक मागच्या चाकांवर असेल, रस्ता ओला असेल आणि वळणात पाय झटकन उचलला, तर मागची चाकं तेवढ्याने सरकू शकतात. ट्रॅकवर आणि पावसात तो ब्रेक कमी पातळीवर ठेवा.

दिवा वाचा

आता खरा अभ्यास. एक वळण निवडा, शक्यतो संथ आणि मोकळं, ज्याच्या बाहेर भरपूर मोकळी जागा आहे. काही फेऱ्या अशा मारा की दिवा एकदाही लागणार नाही. कंटाळवाणं वाटेल, पण ही तुमची पट्टी. मग दर फेरीला रेस किंचित आधी द्या. पहिल्यांदा लुकलुकला की ती जागा लक्षात ठेवा, तिथला दगड, रंगाचा पट्टा, काहीही. त्यानंतर रेस त्याच्या एक केस नंतर देऊन, दिवा न पेटवता, पाच फेऱ्या सलग काढायचा प्रयत्न करा. छोटा कॅमेरा डॅशबोर्डकडे तोंड करून लावला तर संध्याकाळी सगळं उलगडतं. मला वाटत होतं मी फार तर दोनदा दिवा पेटवला. कॅमेऱ्याने अकरा मोजले.

वळणातून बाहेर पडताना, हात अजून वळलेले असताना लागला, तर रेस लवकर किंवा जास्त झाली. नेहमीची चूक, नव्वद टक्के वेळा हीच असते माझी. हात जवळजवळ सरळ आणि तरीही लागला, तर इंजिन दमदार आहे किंवा तिथे डांबर गुळगुळीत झालंय, फार मनावर घेऊ नका. पाय स्थिर असूनही वळणाच्या पोटात लागला, तर खालचा उंचवटा, हवा किंवा टायर तपासा. लागून राहिला, दोन-तीन सेकंद, तर तुम्ही यंत्रणेच्या कुबड्यांवर चालताय. संगणक जोर कापतोय, तुम्ही पाय दाबून धरलाय, आणि पुढच्या सरळ रस्त्याला गाडी लंगडत निघतेय. तेवढ्यात शेजारची कमी ताकदीची गाडी पुढे जाते. हे माझ्याबाबतीत झालंय, एका जुन्या हॅचबॅकने केलंय, आणि तिचा चालक हसत होता.

गाडीच्या घडणीनुसारही दिवा बोलतो. डिफरन्शियल म्हणजे धुरीवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. तो साधा असेल तर संथ वळणात आतलं, वजन हलकं झालेलं चाक फुकट फिरतं. ट्रॅक्शन कंट्रोल त्याला ब्रेक लावून जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतं, इथे ते खरोखर मदत करतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणाऱ्या संचाच्या गाडीत दोन्ही मागची चाकं एकत्र सुटू शकतात, मग मागचा भागच निघतो. पहिल्या गाडीत लुकलुक म्हणजे कुरकुर, दुसरीत इशारा.

आणि गाडी खरंच सरकली तर? मागच्या चाकांवर चालणारी असेल आणि मागचा भाग निघाला, तर रेस हळूच कमी करा, एकदम सोडू नका. झटक्याने सोडलीत तर वजन पुढे येतं आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. नजर जायचंय तिकडे, हात नजरेच्या मागे, गाडी सावरली की स्टिअरिंग लगेच परत सरळ. पुढच्या चाकांवर चालणारी असेल आणि नाक वळेना, तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. रेस कमी करा, हात किंचित सैल करा, पकड परत आली की वळवा. चारही चाकांवर चालणारी गाडी बहुधा आधी असंच नाक बाहेर काढते. स्थिरता नियंत्रण चालू असेल तर अशा वेळी गाडीतून घरघर आणि कटकट ऐकू येते. घाबरू नका, ब्रेकचा पंप काम करतोय.

बटणाला हात कधी लावायचा

दिवसभरात दिवा क्वचितच लागायला लागला की. त्याआधी नाही.

पहिली पायरी मधला मोड. पोर्शेत पीएसएम स्पोर्ट, बीएमडब्ल्यूत डीटीसी किंवा एम मॉडेल असेल तर एमडीएम, फेरारीच्या स्टिअरिंगवरच्या मानेत्तिनो या फिरत्या बटणावर 'रेस' नावाचा मोड. यांत गाडीला थोडं सरकू देतात आणि मग पकडतात. काही गाड्यांत याहून बारीक जोड आहे: बीएमडब्ल्यू एम२ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलच्या दहा पायऱ्या, मर्सिडीज-एएमजी जीटी आरमध्ये नऊ. एक लक्षात घ्या, एम२ च्या त्या दहा पायऱ्या डीएससी बंद केल्यावरच मिळतात. म्हणजे चाक फिरण्यावर लगाम आहे, गाडी गिरक्या घेण्यावर नाही. एका वेळी एकच पायरी सैल करा, आणि प्रत्येक पायरीवर वरचा अभ्यास पुन्हा.

पूर्ण बंद? ओल्या, मोकळ्या, सपाट पटांगणावर, शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना, चाळिशीच्या वेगात. तिथे गाडी मनसोक्त फिरवा, हसा, शिका. ट्रॅकवर बंद करण्यात मला तरी माझ्या पातळीला काही मिळालेलं नाही. 'खरा ड्रायव्हर सगळं बंद करून चालवतो' म्हणणाऱ्यांना सांगा की फॉर्म्युला वनमध्ये १९९४ ला बंदी आलेलं ट्रॅक्शन कंट्रोल २००१ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून परत अधिकृत झालं आणि २००८ मध्ये पुन्हा बंद होईपर्यंत जगातले सगळ्यात वेगवान लोक ते वापरत होते. आपला नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून उतरला तो याच काळात.

पावसात

आपल्याकडे चार महिने हाच मुख्य विषय, पण बोलण्यासारखं थोडंच. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, डिझेल आणि रबराची पूड वर येते, चार-पाच दिवसांच्या झोडपणाऱ्या पावसानंतर तोच रस्ता बरा असतो. पुलांच्या जोडांवरच्या लोखंडी पट्ट्या, मॅनहोलची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचा रंग आणि पेव्हर ब्लॉक, या चारही गोष्टींवरून जाताना स्टिअरिंग शक्य तितकं सरळ आणि पाय स्थिर ठेवा. रेस पट्टी ओलांडल्यावर. माझ्या त्या रॅम्पवर एवढंच चुकलं होतं.

सरळ रस्त्यावर, वेग स्थिर असताना दिवा लुकलुकला आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागलं, तर टायर पाण्यावर तरंगतोय. ब्रेक नको, वळवणं नको, पाय हळूच उचला. ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत पाण्याचा आवाज ऐकणारे सेन्सर आहेत, रस्ता ओला आहे हे ते आधीच सांगतात. बाकीच्यांनी खिडकी चार बोटं उघडून तोच आवाज स्वतःच्या कानाने ऐकावा.

ट्रॅकवरून निघण्याआधी

शेवटची फेरी ब्रेक न वापरता, थंड होण्यासाठी. ट्रॅक्शन कंट्रोलने दिवसभर चाकांना ब्रेक लावलेले असतात, तुम्ही पेडलला पायही लावला नव्हता तिथेसुद्धा, त्यामुळे मागचे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून जाडी बघा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली वीट लावा.

मोड पूर्ववत करा. बहुतेक गाड्या बंद करून चालू केल्या की सगळं आपोआप चालू होतं, पण स्वतः जुळवलेला मोड एका बटणावर साठवून ठेवला असेल तर घरचं कुणी चुकून तेच बटण दाबू शकतं.

आणि हवा. ट्रॅकवर गरम टायरमधून तुम्ही ३२ पीएसआयपर्यंत सोडलेली असते, आकडा दिसायला बरोबर असतो. टायर साठ अंशांवरून अठ्ठावीसवर आला की तोच आकडा २७-२८ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवरून गाडी उतरवली की मामेभाऊ आधी गेज काढतो, मग किल्ली मागतो.